उतारा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय कळवा म्हणून निरोप धाडला, तेव्हा मी कागदावर ‘उतारा’ एवढा एकच शब्द लिहून दिला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः घरी आले आणि जरा संकोचाने म्हणाले, “सर, सातबाराच्या उताऱ्यावर बोलणार असाल तर तलाठीभाऊसाहेबांनाही आमंत्रण द्यावे म्हणतो.” त्यांचे काही चुकले नाही. आपल्या भाषेत हा शब्द मोठा बहुरूपी आहे. जमिनीचा उतारा असतो, विषावर उतारा असतो, आणि पुस्तकातला उतारा असतो. मी ज्यावर आयुष्य काढले तो हा तिसरा. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात पूर्वी न पाहिलेला एक परिच्छेद द्यायचा, खाली पाच-सहा प्रश्न घालायचे, आणि मुलाला वाचलेले कळते की नाही ते पाहायचे. बत्तीस वर्षे, आधी येथे पेणला आणि नंतर रोह्याला, मी हा उतारा शिकविला. आज त्याविषयी बोलताना प्रथम माझ्याच एका चुकीची हकीकत सांगणे प्राप्त आहे.

माझा एक विद्यार्थी. दहावीला इंग्रजीत शंभरापैकी ब्याऐंशी गुण. त्या काळी मला त्याचा अभिमान वाटला होता, हे कबूल करतो. पुढे तो नोकरीला लागला, घर बांधले, आईवडिलांना नीट सांभाळले. काही वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांची शस्त्रक्रिया ठरली. म्हातारबुवांना रक्त पातळ ठेवणारी एस्पिरिनची गोळी रोज चालू होती. शस्त्रक्रियेपूर्वी काय करावे याची एक चिठ्ठी त्याला मिळाली. तीत एक ओळ होती, ती मराठी अक्षरांत सांगायची तर अशी : ‘विथहोल्ड एस्पिरिन फॉर सेव्हन डेज बिफोर सर्जरी.’ मुलाने ओळ वाचली. ‘विथ’ म्हणजे सह, ‘होल्ड’ म्हणजे धरणे. अर्थ लागला : गोळी धरून ठेवायची, सोडायची नाही. सात दिवस रोज सकाळी वेळ चुकू न देता त्याने ती वडिलांना दिली. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सहज विचारले, “गोळी बंद केली होती ना?” आणि मग सगळे उलगडले. शस्त्रक्रिया पुढे गेली. रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नसलेले वडील गाडीत खिडकीशी बसून परत आले. विचारले नसते तर काय झाले असते, ते तुम्हीच ओळखा. अशा वेळी रक्त लवकर थांबत नाही.

तो संध्याकाळी माझ्याकडे आला. रागाने नव्हे. खाली मान घालून म्हणाला, “सर, मला इंग्रजी येते असे मी समजत होतो.” त्या वाक्याने माझी झोप गेली. कारण त्याचे ब्याऐंशी गुण कसे आले ते मला ठाऊक होते. मी वर्गात युक्ती शिकविली होती : प्रश्नातला मुख्य शब्द हेरा, तोच शब्द उताऱ्यात शोधा, ते वाक्य जसेच्या तसे उतरवून काढा. उताऱ्यात काय म्हटले आहे ते कळले नाही तरी चालते, गुण मिळतात. मी त्याला उतारा ‘उतरवायला’ शिकविले, वाचायला शिकविलेच नाही. ‘होल्ड’ म्हणजे धरणे हे त्याला पाठ होते, पण ‘विथहोल्ड’ म्हणजे रोखून ठेवणे, न देणे, हे त्याच्या वाटेत कधी आलेच नव्हते. आणि आपल्याला अर्थ लागला तो बरोबर आहे की नाही हे तपासण्याची सवय तर मी लावलीच नव्हती.

तेव्हापासून मी निवृत्तीनंतरचा एक उद्योग आरंभिला. आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी, मोठ्या माणसांसाठी उतारावाचन. फी नाही, परीक्षा नाही. कथा-कवितांचे उतारे मी बाजूस ठेवले. ते वाईट म्हणून नव्हे. पण वसंतात फुलणारी विलायती पिवळी फुले ज्याने जन्मात पाहिली नाहीत, त्याला ती फुलेही परकी आणि भाषाही परकी, असा दुहेरी मार बसतो. मी तीन विषय धरले : गाणे, आरोग्य आणि विज्ञान. गाणे यासाठी की आपल्या प्रत्येक आळीत भजन आहे. आरोग्य यासाठी की प्रत्येक घरात औषधाची पिशवी आहे. आणि विज्ञान यासाठी की रोह्याजवळ धाटावला रसायनांचे कारखाने आहेत, नागोठण्याला आहेत, आणि आपली मुले तेथे कामाला जातात.

ओळखीच्या विषयाचा आधार केवढा असतो, याचे एक सुंदर प्रमाण आहे. अमेरिकेत १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या दोन विदुषींनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सातवी-आठवीची चौसष्ट मुले घेतली. त्यांत काही वाचनात हुशार, काही कच्ची. काहींना बेसबॉलचा खेळ चांगला ठाऊक, काहींना मुळीच नाही. सर्वांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचावयास दिले. निकाल काय लागला? वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याला यात आश्चर्य वाटू नये. क्रिकेटचे इंग्रजी वर्णन आपल्याकडची नापास झालेली मुलेही बिनचूक समजून घेतात. तेच मूल परीक्षेत हिमनदीवरचा उतारा पाहिला की घाम पुसते.

हाच प्रयोग माझ्या वर्गात न योजता घडला. चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे नाव आपण नोबेल पारितोषिकामुळे जाणतो. पण त्यापूर्वी दहा वर्षे, १९२० च्या जानेवारीत, ‘नेचर’ या विलायतेच्या नियतकालिकात त्यांनी एका सहकाऱ्यासह एक छोटेसे पत्र प्रसिद्ध केले होते. विषय होता आपले तबला-मृदंग. प्रश्न असा : साध्या ढोलाच्या कातड्यातून मुख्य नादाबरोबर जे वरचे नाद निघतात, ते मुख्य नादाच्या दुप्पट, तिप्पट अशा सरळ हिशेबात बसत नाहीत. एकाला पहिला वरचा नाद सुमारे एक पूर्णांक एकोणसाठ शतांश, पुढचा दोन पूर्णांक चौदा शतांश, असा वेडावाकडा हिशेब असतो. म्हणून ढोल वाजतो, पण सुरात लावता येत नाही. मग तबला सुरात कसा लागतो? रामन यांनी दाखविले की कातड्यावरच्या त्या काळ्या ठिपक्याच्या वजनाने हे नाद जागचे हलतात आणि एक-दोन-तीन-चार-पाच अशा सरळ पायऱ्यांवर येऊन बसतात. पुढे १९३४ मध्ये त्यांनी यावर सविस्तर निबंधही लिहिला. कोणा अनामिक कारागिराने हाताच्या आणि कानाच्या जोरावर जे साधले होते, त्याचे गणित त्यांनी मांडले.

या विषयावर मी दहा ओळींचा सोपा इंग्रजी उतारा तयार करून वर्गात दिला. त्यात एक शब्द होता, ‘लोड’. पहिल्या बाकावर एक पदवीधर गृहस्थ होते. त्यांनी भाषांतर केले : “कातड्याच्या मध्यभागी ओझे ठेवतात.” कोणाला काही कळेना. मागे आमच्या भजनी मंडळातले तबलजी बसले होते. सातवीपर्यंत शिकलेले, दिवसा गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारे. ते अक्षर अक्षर लावीत तेथवर आले आणि एकदम म्हणाले, “अहो, ओझे कसले? ती शाई आहे शाई!” आणि मग थांबले नाहीत. लोखंडाचे चूर्ण आणि भाताची खळ घोटून शाई कशी चढवितात, थरावर थर कसे देतात, ती मधे फुटली तर तबला कसा ‘बसतो’, हे त्यांनी पंधरा मिनिटे सांगितले. ‘ओव्हरटोन’ हा शब्द त्यांनी कोशात पाहिला नव्हता. तो त्यांच्या कानातच होता. त्या दिवशी माझ्या वर्गातले सर्वांत चांगले इंग्रजी वाचन सातवी शिकलेल्या माणसाने केले, असे मी म्हणेन, आणि ते पदवीधर गृहस्थही तसेच म्हणाले, ही त्यांची थोरवी.

गाण्याच्या उताऱ्यांचा आणखी एक गुण आहे. इंग्रजीतले अगदी रोजचे शब्द तेथे वेष बदलून येतात. ‘नोट’ म्हटले की आपल्याला शंभराची नोट आठवते. तेथे तो स्वर असतो. ‘की’ म्हणजे किल्ली नव्हे, गाणाऱ्याची पट्टी. ‘एअर’ म्हणजे हवा नव्हे, चाल. ‘स्केल’ म्हणजे फूटपट्टी नव्हे, सप्तक. असे दोनचार ठेचा लागले की माणूस शिकतो की शब्दाचा अर्थ शब्दात नसतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांत असतो. पंडित भातखंडे यांनी १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासावर इंग्रजीत भाषण केले, ते पुस्तकरूपाने उपलब्ध आहे. ज्यांना रागतालाची गोडी आहे आणि इंग्रजीची भीती आहे, त्यांनी त्याची दोन पाने वाचून पाहावीत. विषय हात धरून नेतो.

आरोग्याच्या उताऱ्यांत मात्र हा वेषपालट गमतीचा राहत नाही. क्ष-किरणाच्या अहवालात ‘अनरिमार्केबल’ असा शब्द येतो. आमच्या वर्गातल्या एका बाईंनी तो वाचून रात्र रडून काढली, कारण त्यांना वाटले की छातीत काही चांगले म्हणण्यासारखे उरलेले नाही. त्याचा अर्थ एवढाच की लक्षात घेण्याजोगा दोष काही नाही! ‘पॉझिटिव्ह’ ऐकून आनंद करावा की नाही, ‘नेगेटिव्ह’ ऐकून घाबरावे की नाही, हे आता करोनाच्या साथीने, २०२० पासून, घरोघर शिकविले. तो एक धडा तरी आपण फार महाग विकत घेतला. पण ‘कल्चर’ म्हणजे संस्कृती नव्हे, तपासणीसाठी जंतू वाढविणे. ‘कम्प्लेंट’ म्हणजे तक्रारअर्ज नव्हे, दुखणे. ‘अक्यूट’ म्हणजे अचानक उद्भवलेले आणि ‘क्रॉनिक’ म्हणजे मुरलेले, हे अजून शिकावयाचे आहे. आणि या मोठ्या शब्दांपेक्षाही घातक असतात ते चिमुकले शब्द. ‘अनलेस’, ‘अन्टिल’, ‘नॉट मोअर दॅन’, ‘ओन्ली इफ’. कोशात त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, आणि वाक्याचे सुकाणू तर त्यांच्याच हाती असते.

आता विषावरच्या उताऱ्याकडे वळतो. आपल्याच जिल्ह्यात महाड तालुक्यात बिरवाडी आहे. तेथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर आले. कोकणातला लाल विंचू. तो चावल्यावर मांत्रिकाने विंचू ‘उतरवायचा’ आणि तरीही धडधाकट मूल दगावायचे. डॉक्टरांनी रोग्याच्या खाटेशी बसून टिपणे केली : आधी दरदरून घाम, हातपाय थंडगार, रक्तदाब चढलेला; नंतर फुप्फुसात पाणी, तोंडाला तांबूस फेस. मारणारी गोष्ट वेदना नव्हे, हृदय आणि फुप्फुस, हे त्यांच्या ध्यानात आले. ही निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापली गेली. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे, तोंडाने घेण्याचे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले आणि १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मधून जगापुढे ठेवले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मी हा विषय उताऱ्यासाठी घेतो तो केवळ अभिमानापोटी नव्हे. यात क्रम महत्त्वाचा आहे. ‘इनिशिअली’ म्हणजे आरंभी, ‘सबसीक्वेन्टली’ म्हणजे त्यानंतर, ‘फॉलोड बाय’ म्हणजे ज्याच्यामागून. या शेवटच्याने तर भल्याभल्यांना फसविले आहे. ‘अ फॉलोड बाय ब’ म्हटले की पहिला अ आणि मागून ब; पण घाईने वाचणारा नेमके उलटे धरतो. आमच्या वर्गात मी प्रत्येकाला उतारा मिटवून, आधी काय आणि मग काय, ते मराठीत सांगावयास लावतो. ज्याला मराठीत सांगता आले नाही, त्याला इंग्रजीत समजलेले नाही. याला अपवाद मी अजून पाहिला नाही.

विज्ञानाच्या उताऱ्यांत दुसरीच शिस्त लागते : लेखकाने सांगितलेले कोणते आणि आपण मनाने घातलेले कोणते, याची. येथेही उदाहरण घरचेच आहे. मुंबईला कुलाब्यावर पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी करणारी वेधशाळा एकोणिसाव्या शतकापासून चालू होती. १९०४ साली चुंबकीय मोजणीचे काम अलिबागला सुरू झाले. नानाभाई मूस हे त्या वेळी तिचे संचालक, आणि त्या पदावरचे पहिले भारतीय. दोनएक वर्षे दोन्ही ठिकाणी बरोबरीने नोंदी घेतल्या, म्हणजे जुना हिशेब नव्याशी जुळविता यावा, आणि मग कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बंद झाल्या. हा उतारा देऊन मी विचारतो : वेधशाळा अलिबागला का हलविली? हमखास उत्तर येते, “अलिबागची हवा चांगली म्हणून.” कोणी म्हणतो, समुद्रकिनारा म्हणून. अहो, कुलाब्याला काय समुद्र नव्हता? उताऱ्यात स्पष्ट लिहिलेले असते की मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या, आणि त्यांच्या विद्युतप्रवाहाने नाजूक होकायंत्रांच्या नोंदी बिघडल्या असत्या. ट्राम प्रत्यक्षात १९०७ मध्ये धावू लागली. म्हणजे या लोकांनी आधीच ओळखून पाऊल उचलले. पण आमचा वाचक उतारा वाचीतच नाही. तो उताऱ्यावर नजर ठेवून आपल्या मनातले वाचतो. चिठ्ठीतल्या ‘विथहोल्ड’चेही हेच झाले होते.

धाटावला काम करणाऱ्या मुलांसाठी एक शब्द सांगून ठेवतो. ‘इनफ्लेमेबल’. ‘करेक्ट’च्या उलट ‘इनकरेक्ट’, ‘कम्प्लीट’च्या उलट ‘इनकम्प्लीट’. तेव्हा ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे पेट न घेणारे, असे वाटणे अगदी तर्कशुद्ध आहे, आणि अगदी चूक आहे. त्याचा अर्थ झटकन पेट घेणारे. हा घोटाळा इंग्रजांचाही होतो, म्हणून हल्ली टाक्यांवर आणि पिंपांवर ‘फ्लेमेबल’ असे लिहितात आणि ज्वालेचे चित्र काढतात. पण जुनी पाटी कोठे ना कोठे असतेच. पेणच्या कारखान्यांतल्या रंगाच्या आणि थिनरच्या डब्यांनाही हेच लागू.

रोहेकरांना विज्ञान आणि भाषा यांच्या मैत्रीविषयी मी काय सांगावे? चिंतामणराव देशमुख रोह्याचे. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. पुढे केंब्रिजला जाऊन अभ्यास केला तो वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्राचा. १९१८ च्या आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर अर्थमंत्री. आणि मेघदूताचे मराठीत पद्य भाषांतर करणारेही तेच. अन् पेणकरांनी मान खाली घालण्याचे कारण नाही. गागोदे आपल्याच तालुक्यात, विनोबांचे जन्मगाव. त्यांनी १९१६ मध्ये आपली प्रमाणपत्रे अग्नीत टाकली, भाषा मात्र जन्मभर शिकत राहिले. गुणपत्रिका जाळा, असे मी म्हणत नाही. नोकरीला लागते.

आता कोणी म्हणेल, मास्तर, फोन आहे ना! कागदावर धरला की मराठी उमटते. धरा, खुशाल धरा. मीही धरतो. पण पद्धत अशी ठेवा. प्रथम उतारा कोश न पाहता, फोन न पाहता, एकदा सरळ वाचा. अडेल तेथे थांबू नका. दुसऱ्यांदा प्रत्येक वाक्यातले क्रियापद हेरा, आणि ते चिमुकले शब्द पेन्सिलीने वर्तुळात घ्या. मग कागद पालथा घालून घरातल्या कोणाला तरी मराठीत सांगा. ऐकणाऱ्याने एकच प्रश्न विचारायचा : “हे कागदात कोठे लिहिले आहे?” बोट ठेवून दाखविता आले पाहिजे. हे सगळे झाल्यावर फोन काढा आणि तुमचा अर्थ व त्याचा अर्थ जुळतो का ते पाहा. न जुळला तर कोण चुकले ते शोधण्यात जे शिकाल ते दहा धड्यांत शिकणार नाही. औषधाची चिठ्ठी असेल तर मात्र शोधीत बसू नका. डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात विचारा. विचारण्याची लाज बाळगू नये. माझ्या त्या विद्यार्थ्याला ब्याऐंशी गुणांमुळेच विचारण्याची लाज वाटली होती.

त्याच्या वडिलांची शस्त्रक्रिया पुढे यथास्थित झाली. दुसरी चिठ्ठी मिळाली ती घेऊन तो तडक माझ्याकडे आला. मी वाचून दाखवू लागलो, तर म्हणाला, “नको सर, मी वाचतो, तुम्ही प्रश्न विचारा.” त्याने वाचले, मी विचारले, त्याने बोट ठेवून दाखविले. एका ठिकाणी दोघेही अडलो. मग दोघांनी मिळून दवाखान्यात फोन केला.

वेळ झाली असे अध्यक्ष घड्याळाकडे पाहून सुचवीत आहेत. दाराशी टेबलावर एकेक कागद ठेवला आहे, तो प्रत्येकाने न्यावा. त्यावर बारा ओळींचा इंग्रजी उतारा आहे. १९२१ साली रामन विलायतेहून बोटीने परतत होते. समुद्र निळा का दिसतो, याचे टिपण त्यांनी बोटीवरच लिहिले आणि ‘नेचर’कडे धाडले. टिपणाखाली ठिकाण आहे मुंबई बंदर. तोवरची समजूत अशी की समुद्राचा निळेपणा हा आकाशाचे प्रतिबिंब. रामन यांना ती का पटली नाही, हे उताऱ्याच्या सातव्या आणि आठव्या ओळीत आहे. रोहेकरांची गाडी पेणहून सुटली की कासू, नागोठणे, निडी ही तीन स्थानके मधे लागतात. तेवढ्यात दोनदा वाचून होते. उत्तर मला मंगळवारी सांगा, आणि कोणत्या शब्दावरून काढले तेही.